सणासुदीत कार्यालयाचा गट सेवेला न्यायचा तर: गोव्यातील अनुभवावरून

चतुर्थी किंवा नाताळ जवळ आला की गोव्यातील अनेक कार्यालयांत एकच विचार पुढे येतो: यंदा सगळ्यांनी मिळून एखाद्या आश्रमात जाऊया. हेतू चांगलाच असतो. पुढे मात्र बहुधा असे घडते, की २४ डिसेंबरला केक, फळांच्या टोपल्या आणि चादरी घेऊन एक भरलेली बस आश्रमाच्या फाटकाशी थांबते, तासाभरात गाणी, वाटप आणि छायाचित्रे उरकतात, आणि जेवणाची वेळ टळलेल्या वृद्धांना पुन्हा खाटेपर्यंत पोचवण्याचे काम तिथे हजर असलेल्या दोन सेविकांवर पडते. त्याच दिवशी आणखी दोन कंपन्यांचे गट येऊन गेलेले असतात. याच संस्थांना सणाच्या दिवसांत सर्वांत मोठी चणचण भासते ती कामाच्या हातांची, कारण तिथले कर्मचारीही त्या दिवसांत आपापल्या घरी गेलेले असतात. ही चणचण भरून काढायची कशी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

गट जमवणे हे त्यातले सोपे काम. आठ ते दहा जण पुरे. येणे ऐच्छिक असावे, आणि विभागप्रमुखाने कोण आले, कोण आले नाही याची नोंद ठेवू नये. नाइलाजाने आलेला माणूस म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशेजारी बसून घड्याळ पाहतो आणि ते त्या माणसाला दिसते. व्यवस्थापनाकडून पैशांपेक्षा कामाच्या दिवशीची अर्धी रजा मागून घ्यावी. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशांत मोल करून तो आकडा कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात दाखवता येत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपनीने नफ्यातून करायचा दोन टक्के खर्च ही एक गोष्ट आणि कर्मचाऱ्यांची सेवा ही दुसरी. दोन्हींची सरमिसळ झाली की उपक्रम अहवालासाठी चालतो.

दिवस निवडताना गोव्याला एक सोय आहे, तिचा उपयोग न करणे मला खरोखरच खटकते. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो वा पणजीतील एखादी बँक, जवळजवळ प्रत्येक कार्यालयात हिंदू आणि ख्रिस्ती सहकारी शेजारी शेजारी बसतात. तेव्हा चतुर्थीच्या दोन-तीन दिवसांची सेवा ख्रिस्ती सहकाऱ्यांनी उचलावी आणि २४ व २५ डिसेंबरची हिंदू सहकाऱ्यांनी. मुसलमान सहकारी दोन्ही वेळा मदतीला येतात आणि ईदच्या दिवशी इतरांनी त्यांची जागा घ्यावी. कोणाचाही सण बुडत नाही, आणि ज्या दिवशी संस्थेत माणूस नसतो नेमक्या त्याच दिवशी माणूस पोचतो. चतुर्थीला हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण त्या दिवसांत बाजार बंद असतात, खासगी बसगाड्या तुरळक धावतात आणि काणकोण किंवा सत्तरीत घर असलेली सेविका एकदा गावी गेली की माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) उतरल्याशिवाय परतत नाही.

पहिली भेट

आता त्या टप्प्याकडे येते ज्याने मला सर्वांत जास्त काळ अडवून धरले, आणि ज्याविषयी मिळणारा सल्ला बहुतेक वेळा कुचकामी असतो. संस्थेला कशाची गरज आहे हे आधी विचारा, असे सगळेच सांगतात. पण फोन करून ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘तुम्ही प्रेमाने जे आणाल ते चालेल.’ या उत्तरावर विसंबू नये. ज्या संस्थेचा संसार देणग्यांवर चालतो, ती दारात आलेल्या देणगीदाराला नाही म्हणत नाही. गोव्याच्या माणसाचा भिडस्तपणा त्यात आणखी भर घालतो. गरज नसलेल्या वस्तूचाही ती आभार मानून स्वीकार करते आणि मग ती ठेवायची कुठे या विवंचनेत पडते.

म्हणून फोनवर काहीही ठरवू नये. दोघांनीच, सणाच्या निदान सहा आठवडे आधी, साध्या कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास प्रत्यक्ष जावे. सकाळ आंघोळी, नाश्ता आणि औषधांत जाते, संध्याकाळी प्रार्थना असते. दुपारी विश्रांतीच्या वेळी सिस्टर किंवा व्यवस्थापक निवांत बोलू शकतात. सोबत काहीही नेऊ नये. हातात भेटवस्तू दिसली की समोरच्याचे बोलणे औपचारिक होते.

गरज विचारण्याऐवजी दिवस विचारावा. चतुर्थीच्या आठवड्यात कोण कोण रजेवर असते? त्यांचे काम कोण उचलते? सकाळी सहापासून नऊपर्यंत या घरात काय काय चालते? रात्री किती जण जागे असतात? मागच्या नाताळात कोणते काम राहून गेले? या प्रश्नांना भिडेने उत्तर देता येत नाही, कारण ही मागणी नव्हे, माहिती आहे. बोलता बोलता एकदम कळते, की धोब्याचा माणूस चार दिवस येत नाही आणि ओल्या चादरींचा ढीग साचतो, किंवा स्वयंपाक करणारी बाई एकटीच उरते आणि तिला नारळ खवण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सारे एकटीने उपसावे लागते. तुमचे काम तिथे आहे. प्रमुखांशी बोलणे झाले की त्यांच्या परवानगीने स्वयंपाकघरात जाऊन त्या बाईंशीही दोन शब्द बोलावेत. कार्यालयात बसणाऱ्यांना जे ठाऊक नसते ते त्यांना ठाऊक असते.

त्यानंतर साठवणीची खोली पाहण्याची विनंती करावी. संकोच वाटला तरी करावी. एका आश्रमातील कपाट माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे: वरच्या दोन खणांत मुदत संपत आलेले क्रीम बिस्किटांचे पुडे, मधल्या खणात प्लास्टिकमधून कधीच न काढलेली ब्लँकेटे, आणि तळाशी मोठ्यांच्या डायपरची दोन पाकिटे, दोन्ही सर्वांत लहान मापाची, जी तिथल्या एकाही रहिवाशाला होत नव्हती. त्या घरात ज्यांना लागत होती ती मापे विचारून घेतली, तेव्हाच खरेदीची यादी तयार झाली. ब्लँकेटे देणारे सारे भले लोक होते. पण गोव्याच्या डिसेंबरात त्यांची गरज किती असते, याचा विचार कोणी केला नव्हता.

या भेटीत एक गोष्ट हमखास विचारावी: कोणाला गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, न्यायचे राहिले आहे का? बांबोळीच्या बाह्यरुग्ण विभागात एका वृद्धेला दाखवायचे म्हणजे केसपेपर काढणे, चाकांची खुर्ची मिळवणे, नंबराची वाट पाहणे, रक्ततपासणीसाठी दुसऱ्या दालनात नेणे आणि औषधांच्या रांगेत उभे राहणे, यात सबंध सकाळ जाते. जिथे एकूण चारच कर्मचारी आहेत, तिथून एकाला सकाळभर सोडणे परवडत नाही आणि तपासणी लांबणीवर पडते. गाडी असलेले दोन स्वयंसेवक हे काम चोख करू शकतात: एक रांगेत, दुसरा आजींजवळ. मात्र संस्थेचे पत्र, जुने कागद आणि चालू औषधांची यादी सोबत हवी, आणि उपचारासाठी संमती देण्याचा प्रश्न आला तर थेट संस्थेच्या प्रमुखांना फोन लावावा. तो अधिकार आपला नव्हे. हे काम सुटीच्या दिवशी होत नाही, म्हणून ती अर्धी रजा लागते.

शेवटची ताकीद आश्वासनांविषयी. ‘आम्ही आता दर महिन्याला येऊ’ हे वाक्य कोणीही, कितीही भारावून गेले तरी, उच्चारू नये. वृद्ध माणसे ते लक्षात ठेवतात आणि फाटकाकडे पाहत बसतात. मुले तर दिवस मोजतात. जे ठरले तेवढेच, तारखेसह, कागदावर लिहून प्रमुखांकडे द्यावे.

कुठे जावे

वृद्धाश्रमांपैकी काही सरकारच्या प्रोव्हेदोरियाकडून (सार्वजनिक साहाय्य संस्थेकडून) चालवले जातात, कित्येक धर्मभगिनींच्या संस्थांकडून, तर काही खासगी न्यासांकडून. शहरालगतच्या, सर्वांना ठाऊक असलेल्या संस्थांकडे डिसेंबरात गटांची रीघ लागते. सांगे, केपे, पेडणे या बाजूला चौकशी करावी.

मुलांच्या संस्थांबाबत मी अधिक कडक आहे. तिथे भेटीपूर्वी रीतसर परवानगी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. एका दिवसासाठी येऊन मुलांना कडेवर घेणारे अनोळखी लोक मुलांचे काही भले करत नाहीत. परवानगी मिळालीच तर इमारतीची रंगरंगोटी, संगणक दुरुस्ती, ग्रंथालयाची मांडणी अशी कामे मागावीत. छायाचित्रे मुळीच काढू नयेत. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीच्या पानावर टाकलेले हसऱ्या मुलांचे छायाचित्र त्यातून सुटत नाही. वृद्धांबाबत असा कायदा आड येत नसला तरी तोच नियम पाळावा. आपण आश्रमात आहोत हे गावात कळू नये असे वाटणारे अनेक जण तिथे असतात.

आणखी एक ठिकाण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, ते म्हणजे बांधकामांवरील मजुरांच्या झोपड्या. चतुर्थीत काम थांबते तेव्हा रोजंदारी थांबते आणि नेमकी तेव्हाच दुकानेही बंद असतात. कोरडा शिधा द्यायचा तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी द्यावा, आणि कोण कुठून आले आहे ते पाहून द्यावा: उत्तर कर्नाटकातील कुटुंबाला ज्वारी लागते, बिहारमधील कुटुंबाला गव्हाचे पीठ. तेल, डाळ आणि मीठ सर्वांना. परंतु कार्यालयीन माणसाच्या अंगी खरे कौशल्य असते ते अर्ज भरण्याचे, आणि तेच तिथे सर्वाधिक मोलाचे. दुसऱ्या राज्यातील पात्र शिधापत्रिकेवर गोव्यातही धान्य उचलता येते, हे अनेकांना माहीत नसते. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवसांचे बांधकामावरील काम एवढी मुख्य अट आहे. अडते ते कामाच्या दाखल्यापाशी, कारण ठेकेदार सही द्यायला टाळतो. चांगले इंग्रजी बोलणारा, नीट कपड्यांतला कार्यालयीन माणूस सोबत उभा राहिला की ती सही बऱ्याचदा मिळते. असे व्हायला नको, पण होते, म्हणून त्याचा उपयोग करावा.

प्रत्यक्ष दिवस

बाहेरून शिजवलेले अन्न नेऊ नये. स्वयंपाकघराने आग्रहच केला तर ते गरम, म्हणजे ६० अंश सेल्सियसच्या वरच, राहील अशा भांड्यांतून न्यावे आणि साध्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. मधुमेहींची यादी आधीच घ्यावी. नेवऱ्या आणि दोदोल एकाच दिवशी तीन गटांनी वाटल्यावर त्यांच्या साखरेचे काय होते, ते रात्रपाळीच्या सेविकेला निस्तरावे लागते.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला उचलणे, कुशीवर वळवणे किंवा भरवणे हे प्रशिक्षणाशिवाय करू नये. आडवे असताना दिलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. चादरी धुणे, भाजी चिरणे, पंखे पुसणे, नखे कापणे (मधुमेही वगळून) ही कामे आपली. ज्यांचे हात मोकळे असतील त्यांनी गप्पांना बसावे, कोकणीत बसावे, आणि ऐकावे. फटाके व मोठा आवाज नको. ठरल्या वेळी निघावे.

परतल्यावर दोन दिवसांत एक वही भरून घ्यावी: कोणते काम झाले, कोणते राहिले, कोणाच्या चष्म्याची काडी मोडली आहे, डायपरची मापे कोणती, प्रमुखांना कोणत्या वेळी फोन केलेला चालतो. कार्यालयात बदल्या होतात आणि पुढच्या वर्षी नवीच माणसे असतात, म्हणून वही एका व्यक्तीकडे न ठेवता विभागाच्या कपाटात ठेवावी. राहिलेल्या कामांसाठी फेब्रुवारीतील एक दिवस लगेच ठरवून घ्यावा, कारण कार्निव्हालच्या सुमारास या संस्थांकडे कोणी फिरकत नाही. आणि चतुर्थीच्या पहिल्या भेटीचा फोन कोणी, कोणत्या तारखेला करायचा, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.