जुनी हापूस बाग छाटताय? या चुका टाळा

40-50 वर्षांची कलमं उंच गेली, शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या, आत ऊन पोचेना आणि मोहोर नुसता शेंड्यावर येऊ लागला की छाटणी करावीच लागते. पण पाऊस संपला रे संपला की भाड्याची मशीन करवत आणायची आणि दोन दिवसांत अख्खी बाग बोडकी करायची, ही घाई बागेच्या मुळावर येते.

अशा बागेचं पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. जड फांदी वरून एका दमात कापली, की ती खाली येताना खोडाची साल हातभर सोलून आणते. त्या उघड्या जखमेत आणि सालीच्या भेगांत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा भुंगा, अंडी घालतो. अळी आत लाकूड पोखरत राहते, बुंध्याशी भुसा पडतो, पण गवतात तो कुणाला दिसत नाही. फांद्या वाळू लागल्या की लोक खत कमी पडलं म्हणतात आणि आळ्यात आणखी खत ओततात. तोवर खोड आतून पोकळ झालेलं असतं.

म्हणून आधी फांदीच्या खालच्या बाजूने एक तृतीयांश काप घ्या, मग थोडं पुढे सरकून वरून कापा, आणि उरलेला खुंट शेवटी तिरका उतरवा, म्हणजे पाणी साचणार नाही. उंची जमिनीपासून 10 ते 15 फूट ठेवा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) त्याच दिवशी लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. लोखंडी पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. नंतर दर आठवड्याला बुंधे बघायचे. भुसा दिसला की तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढायची आणि भोक चिखलाने लिंपायचं. बाग एकाआड एक ओळ छाटावी. उत्पन्न एकदम थांबत नाही आणि इतकी झाडं सांभाळताही येतात.

फुटवे आले की ते कापायला हात धजत नाही, ही पुढची चूक. सगळे राखले तर केरसुणी होते. प्रत्येक फांदीवर बाहेर झुकणारे तीन-चार जोमदार ठेवा, बाकीचे काढा.

हापूस एकटा ठेवणं ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. जुन्या माणसांच्या बागांत बांधावर रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा, असायचा. जागा अडते म्हणून तो आज सर्रास तोडला जातो. हापूसला स्वतःच्या परागावर फळ नीट धरत नाही. मोहोर भरगच्च येतो आणि कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, गळून जाते. रायवळ राखा. नसेलच तर साधारण 10 टक्के झाडं केसर, रत्ना अशा दुसऱ्या जातींची हवीत.

कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल) अंदाजाने ओतू नका. झाडाचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर विस्तार मोजून सरासरी काढा आणि दर मीटरला 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. नुकत्याच छाटलेल्या झाडाला तर थेंबभरही नको. त्याला आधी पालवी वाढवू द्या.

बांडगुळाची नुसती पानं ओरबाडली तर ते पुन्हा फुटतं. फांदीचा तुकडा घेऊनच कापा, आणि त्याची फळं पक्ष्यांनी खाण्याआधी.