खेड्यातल्या दवाखान्याच्या डिजिटल नोंदींसाठी अनुदान कसे मिळवावे

डिजिटल आरोग्यासाठी अनुदान मागायचे ठरले की बहुतेक जण आधी कोटेशन मागवतात. किती कॉम्प्युटर, किती टॅबलेट, कोणते सॉफ्टवेअर, आणि मग त्याभोवती अर्ज लिहितात. माझा पहिला अर्ज असाच होता. बारा टॅबलेट मागितले, बारा मिळाले. सिमकार्डचे दरमहा पैसे कोण भरणार, चार्जर बिघडला तर कोण आणणार, नवी सिस्टर रुजू झाली तर तिला कोण शिकवणार, याबद्दल अर्जात एक ओळही नव्हती. दीड वर्षात त्यातले सात टॅबलेट कपाटात जाऊन बसले आणि नोंदी पुन्हा वहीत सुरू झाल्या. त्या सिस्टर अजिबात कमी पडल्या नव्हत्या. अर्ज कमी पडला होता.

म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न हाताशी ठेवा: ही यंत्रणा तिसऱ्या वर्षी कोण चालवणार आणि कोणाच्या पैशातून?

पहिली पायरी: दवाखान्यात एक अख्खा दिवस बसा

घड्याळ आणि कोरी वही घेऊन लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांच्या टेबलाशेजारी बसा. एका बाळाचे नाव किती ठिकाणी लिहिले जाते ते मोजा. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये एकदा, लसीकरणाच्या रजिस्टरमध्ये एकदा, आईच्या हातातल्या कार्डावर एकदा. मग लस वापरल्याची साठा रजिस्टरमध्ये नोंद, महिन्याच्या तक्त्यात एक रेघ आणि एखादे सरकारी अ‍ॅप असेल तर त्यात पुन्हा सगळे पहिल्यापासून. प्रत्येक नोंदीला किती मिनिटे लागतात ते लिहून ठेवा.

त्यानंतर महिनाअखेरीला परत जा. कोणत्या बाळाचा डोस चुकला हे शोधायला सिस्टर रजिस्टरची पाने मागे उलटत जातात, एकेका ओळीवरून बोट फिरवतात आणि रिकामा रकाना दिसला की नाव वेगळ्या कागदावर उतरवतात. दोन गावांत एकाच नावाची दोन बाळे असली की बोट थांबते, वडिलांचे नाव पाहिले जाते, मग पुन्हा पुढे. कॉम्प्युटरने करायचे काम नेमके हे आहे. तुमच्या अर्जाचा पाया इथे सापडतो.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी टिपा. वीज किती वाजता जाते आणि किती वेळ जाते. मोबाइलचे नेटवर्क इमारतीच्या कोणत्या खोलीत येते, सकाळी किती आणि दुपारी किती. आठवडाभर हे टिपण ठेवले तर अर्जातला तांत्रिक भाग निम्मा लिहून झालेला असतो.

दुसरी पायरी: गरज एका परिच्छेदात मांडा

‘आमच्या भागात डिजिटल सुविधांचा अभाव आहे’ हे वाक्य अर्ज तपासणाऱ्याने शेकडो वेळा वाचलेले असते. सुविधा नाही म्हणून सुविधा हवी, एवढेच त्यातून कळते. त्याऐवजी असे लिहून पाहा (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा):

‘आमच्या उपकेंद्राकडे नऊ वाड्या आहेत. लसीकरण चुकलेल्या मुलांची यादी करायला सिस्टरांना दर महिन्याला दोन दिवस लागतात. यादी हाती येते तेव्हा पुढचे सत्र चार दिवसांवर आलेले असते. दूरच्या तीन वाड्यांवर निरोप वेळेत पोहोचत नाही. यादी सत्र संपल्याच्या दिवशीच तयार झाली, तर घरभेटीसाठी तीन आठवडे मिळतील.’

यात एकाही यंत्राचे नाव नाही, तरीही यंत्र कशासाठी हवे ते कळते.

तिसरी पायरी: कोणता पैसा कशाला चालतो ते ओळखा

सगळ्यात जास्त अर्ज इथे चुकतात. प्रत्येक निधीला नियम असतात आणि एकच निधी सगळ्या खर्चाला पुरत नाही. काही निधी फक्त वस्तू घेऊ देतात, काही फक्त चालू खर्च भागवतात, काही काम झाल्यावर पैसे देतात.

अमेरिकेतल्या दोन योजना शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. तिथल्या कृषी खात्याची दूरशिक्षण व टेलिमेडिसिन योजना प्रामुख्याने उपकरणांसाठी आहे आणि अर्जदाराला किमान १५ टक्के वाटा स्वतः उभा करावा लागतो. दुसरीकडे तिथल्या दूरसंचार आयोगाचा हेल्थकेअर कनेक्ट फंड पात्र आरोग्यसंस्थांना ब्रॉडबँडच्या खर्चात ६५ टक्के सवलत देतो. उरलेले ३५ टक्के संस्थेने भरायचे. एक निधी यंत्र देतो, दुसरा जोडणी. ते यंत्र वापरणाऱ्या माणसाचा पगार दोन्हींत बसत नाही, तो तिसरीकडून आणावा लागतो.

भारतातही तेच गणित वेगळ्या रूपात दिसते. रुग्णांच्या नोंदी डिजिटल करून एकमेकांना जोडणारे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्याला जोडून १ जानेवारी २०२३ पासून डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजना आली. त्यात रुग्णालये, प्रयोगशाळा आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना आभा क्रमांकाशी (रुग्णाच्या आरोग्य ओळख क्रमांकाशी) जोडलेल्या नोंदींच्या संख्येनुसार प्रोत्साहन रक्कम मिळते. म्हणजे हा पैसा नोंदी झाल्यावर येतो. पहिली खरेदी त्यातून होणार नाही, पण योजना तेव्हा चालू असेल, तर यंत्रणा सुरू झाल्यावर देखभालीला त्याचा आधार होऊ शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्र सरकारी असेल, तर वाट वेगळी आहे: राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा राज्याच्या कार्यक्रम अंमलबजावणी आराखड्यातून येतो. जिल्ह्याच्या आराखड्यात तुमची मागणी वेळेत गेली नाही, तर पुढच्या आराखड्याची वाट पाहावी लागते.

कंपन्यांचा सीएसआर निधी हा तिसरा मार्ग. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि आरोग्यसेवा त्या कामांच्या यादीत आहे. सीएसआरमधला ‘चालू प्रकल्प’ सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, ही तरतूद आपल्या कामाची आहे. कंपनीकडे एका वर्षाची खरेदी मागण्यापेक्षा तीन वर्षांचा प्रकल्प मागा. प्रशिक्षण आणि देखभाल त्यातच बसते.

परदेशी निधी घ्यायचा असेल, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. चार संस्था मिळून प्रकल्प करायचा बेत असेल, तर हे पहिल्या बैठकीतच बोलून घ्या. मंजुरी आल्यावर कळले तर मैत्रीही जाते.

चौथी पायरी: कागदपत्रे अर्जाच्या आधी

नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, भारतात १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीच्या नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, सीएसआरसाठी सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी. अमेरिकेत केंद्र सरकारचे अनुदान मागायचे, तर सॅम पोर्टलवर नोंदणी करून संस्थेचा विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. या गोष्टींना कधी कधी आठवडे लागतात, म्हणून जाहिरात येण्याची वाट पाहू नका. एका फाइलमध्ये सगळे तयार ठेवा आणि मुदत संपणारे कागद कोणते, ते वरच्या पानावर लिहा.

पाचवी पायरी: सॉफ्टवेअर निवडताना

आधी एक गोष्ट ठरवा: तुम्हाला गावनिहाय आकडे हवेत की एकेका रुग्णाचा इतिहास? ही दोन कामे वेगळी आहेत. आकडेवारीसाठी ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाढलेले डीएचआयएस२ अनेक देशांची आरोग्यखाती वापरतात, आणि आता त्यात एकेका रुग्णाचा पाठपुरावाही होतो. रुग्णाच्या सविस्तर नोंदींसाठी २००४ मध्ये सुरू झालेले ओपनएमआरएस आहे. त्याच्यावर उभे राहिलेले बाह्मनी पहिल्यांदा छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी घडवले गेले. म्हणजे त्याची सुरुवातच ग्रामीण रुग्णालयात झाली. तिन्ही मुक्त स्रोत आहेत, परवान्याचे पैसे लागत नाहीत. पण बसवणे, भाषांतर, सर्व्हर, प्रशिक्षण यांना पैसे लागतातच. ‘सॉफ्टवेअर फुकट आहे’ असे लिहून हा रकाना शून्य ठेवू नका.

कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. नेटवर्क नसताना नोंद होते का आणि नंतर आपोआप जुळते का? उद्या आम्ही दुसरीकडे गेलो, तर सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल का? आजारांच्या सांकेतिक क्रमांकांसाठी आयसीडी आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरशी नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर ही मानके पाळली जातात का? उत्तरे लेखी घ्या आणि अर्जाला जोडा.

सहावी पायरी: अंदाजपत्रक

अंदाजपत्रक दोन रकान्यांत मांडा: एकदाच होणारा खर्च आणि दर वर्षी होणारा खर्च. पहिल्यात यंत्रे, बॅटरी किंवा सौर बॅकअप, वायरिंग, कुलपाचे कपाट, सॉफ्टवेअर बसवणे. दुसऱ्यात इंटरनेट, देखभालीचा करार, सर्व्हर, बदली यंत्रे, प्रवास, प्रशिक्षणाच्या फेऱ्या आणि एका माणसाचे मानधन.

या एका माणसाबद्दल मी आग्रही आहे. टॅबलेट अडकला, पासवर्ड विसरला, नोंद दोनदा झाली, तर फोन उचलणारा आणि चोवीस तासांत पोहोचणारा कोणीतरी पाहिजे. तो इंजिनीअर असलाच पाहिजे असे नाही. परिसरातली बारावी झालेली, गावे माहीत असलेली मुलगी हे काम उत्तम करते. अर्जात तिच्या पदाला नाव द्या, कामाची यादी द्या आणि पूर्ण मुदतीचे मानधन धरा. कात्री लावायची वेळ आली, तर दोन टॅबलेट कमी करा. या पदाला हात लावू नका.

प्रशिक्षणही एकदाच धरू नका. सुरुवातीला दोन दिवस, महिन्याने एक दिवस, मग दर तिमाहीला अर्धा दिवस. बदल्या होतात, माणसे रजेवर जातात, शिकलेले विसरते. शिवाय पहिले दोन-तीन महिने वही आणि टॅबलेट दोन्ही चालवावे लागतात. त्या काळात सिस्टरांचे काम वाढते. तेवढ्यापुरता डेटा भरायला मदतनीस मागा आणि कारण स्पष्ट लिहा. मी आजवर पाहिलेल्या तपासनिसांनी ही मागणी समजून घेतली आहे.

शेवटी एक छोटा तक्ता जोडा: अनुदान संपल्यावर प्रत्येक वार्षिक खर्च कोणाच्या खात्यातून जाईल. ग्रामपंचायत इंटरनेट भरणार असेल तर तिचा ठराव लावा. रुग्णालय स्वतः देखभाल करणार असेल तर विश्वस्तांचे पत्र लावा. नुसते ‘संस्था प्रयत्न करील’ हे चालत नाही.

सातवी पायरी: रुग्णाच्या माहितीची जबाबदारी

लहान गावात गोपनीयतेचा प्रश्न शहरापेक्षा नाजूक असतो. स्क्रीनवर नुसते वय, वाडी आणि क्षयरोगाची तपासणी दिसली तरी माणूस ओळखू येतो. त्यामुळे कोण काय पाहू शकेल ते अर्जात लिहा: सिस्टरांना त्यांच्या गावांच्या नोंदी, डॉक्टरांना सगळ्या, निधी देणाऱ्यांना फक्त बेरीज. संमती कोणत्या भाषेत आणि कशी घेणार, टॅबलेट हरवला तर काय करणार, बॅकअप कुठे राहील, हेही लिहा. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, अमेरिकेत आरोग्यमाहितीसाठी १९९६ चा हिपा. आपल्या देशाचा कायदा कोणता, ते नाव घेऊन सांगा.

आठवी पायरी: मोजमाप थोडे ठेवा

तीन मापे पुरेत. पहिल्या पायरीत पाहिलेल्या कामाचीच घ्या: यादी तयार व्हायला लागणारा वेळ, चुकलेल्या मुलांपैकी पुढच्या सत्राला आलेली मुले, सिस्टरांचा लिहिण्यात जाणारा वेळ. आधीचा आकडा अर्जापूर्वीच टिपून ठेवा, दर तिमाहीला नवा घ्या. ‘बालमृत्यू कमी होतील’ असे वचन देऊ नका. एका उपकेंद्राच्या आकड्यांत तो फरक तीन वर्षांत खात्रीने दाखवता येत नाही, आणि जाणकार तपासनिसाला ते लगेच खटकते.

नववी पायरी: पाठवण्याआधी आणि नंतर

अर्ज पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात तो सिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘हे आमच्याकडे असे होत नाही’ असे त्या जिथे म्हणतील, तिथे अर्ज दुरुस्त करा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टलवर बसू नका.

नकार आला, तर कारणे लेखी मागा. काही निधींत तपासनिसांचे शेरे मिळतात आणि तोच अर्ज दुरुस्त करून पुढच्या फेरीत पाठवता येतो. माझा एक अर्ज दुसऱ्या फेरीत मंजूर झाला, तो फक्त देखभालीचा तक्ता जोडल्यामुळे.

मंजुरी आली, तर खरेदीच्या आधी वेगळे बँक खाते किंवा हिशेबाचे वेगळे शीर्षक उघडा. उपयोगिता प्रमाणपत्राचा (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याचा) नमुना मागून घ्या आणि पहिले बिल त्याच रकान्यांत बसवा. यंत्रे एकदम सगळीकडे वाटू नका. एका उपकेंद्रात तीन महिने चालवा, तिथल्या सिस्टरांनाच पुढच्या उपकेंद्रावर शिकवायला न्या आणि त्या दिवसाचा प्रवासभत्ता त्यांच्या हातात द्या.