ऑफिसचं सॉफ्टवेअर अपग्रेड करताय? आधी हे बघून घ्या

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, म्हणजे सॉफ्टवेअर चालू राहतं पण सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, आणि धंद्याच्या फाइली अशा मशीनवर ठेवणं मला तरी अजिबात पटत नाही. एक्सेल उघडून फाइल मेनूतल्या अकाउंटवर जा, तिथे व्हर्जन कळेल, मग अबाउटवर क्लिक केलं की ३२ बिट आहे का ६४ ते पण दिसेल. हे बघाच, कारण खरी गोची इथे होते. ३२ बिटसाठी बनवलेले बरेच ॲड-इन, म्हणजे ऑफिसला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, ६४ बिटमध्ये चालत नाहीत आणि जुन्या मॅक्रोत (म्हणजे शीटमधली कामं आपोआप करणाऱ्या कोडमध्ये) डिक्लेअर (Declare) शब्दाच्या ओळी असतील तर तिथे पीटीआरसेफ (PtrSafe) हा शब्द टाकावा लागतो, नाहीतर नेमकी पगाराच्या दिवशी शीट एरर देत बसते. म्हणून सगळ्यात किचकट मॅक्रोवाली फाइल आधी एकाच कॉम्प्युटरवर चालवून बघा, प्रिंट पण काढा. बॅकअप तर हवाच, आणि आउटलुकच्या पीएसटी फाइली, म्हणजे ज्यात मेल साठवलेले असतात त्या, विसरू नका हां, त्या बऱ्याचदा सी ड्राइव्हमध्येच राहून जातात. आठवडाभर नीट चाललं की मग बाकीच्यांना द्या, फक्त महिनाअखेरीला नको, अकाउंट्सवाल्यांची तेव्हा आधीच धावपळ चालू असते.