मिक्सिंगसाठी हेडफोन घेताना

मिक्सिंग म्हणजे गाण्यातल्या वेगवेगळ्या आवाजांचा मेळ बसवणं. माझं पहिलं मिक्स हेडफोनवर दणदणीत वाजायचं. तेच गाणं गाडीत लावलं आणि बास गिटार गायब! त्या हेडफोनमध्ये बास मुळातच फुगवलेला होता. मला तो जास्त वाटायचा, म्हणून मी १०० हर्ट्झच्या आसपासचे खालचे सूर कापत गेलो होतो. तेव्हापासून नव्या मुलांना एकच सांगतो: कानाला गोड लागणारा हेडफोन नको, खरं सांगणारा घ्या.

मिक्सिंगला शक्यतो ओपन-बॅक घ्या. कपाची पाठ जाळीदार असल्याने आवाज आत कोंडत नाही, तासन्‌तास बसलं तरी कान कमी शिणतात. गायकाचं रेकॉर्डिंग करताना मात्र क्लोज्ड-बॅकच (बंद पाठीचा) हवा, नाहीतर क्लिकची, म्हणजे कानात ताल देणाऱ्या मेट्रोनोमची, टिकटिक माइकमध्ये शिरते आणि मग ती निघता निघत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ त्या कामाचा.

मी पुढे सेनहायझरचा एचडी ६०० घेतला. पहिल्याच दिवशी इंटरफेसचा (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) नॉब पूर्ण फिरवला तरी आवाज दबलेलाच. हा हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा, आणि माझ्या छोट्या इंटरफेसमध्ये तेवढा जोर नव्हता. म्हणून घेण्याआधी ओहमचा आकडा बघा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो. नुसतं नाव बघून मागवलात तर फसाल.

उत्तम हेडफोनही स्टिरिओबद्दल थोडं फसवतोच. स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, हेडफोनवर नाही. त्यामुळे पूर्ण डावीकडे टाकलेली गिटार कानात अगदी टोकाला जाऊन बसते. रिव्हर्बही (आवाजाला दिलेली खोलीसारखी घुमणूक) चटकन ठळक ऐकू येतो आणि टाकताना हात आखडता घेतला जातो. मी अधूनमधून मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून ऐकतो. गिटारखाली गायकाचा आवाज दबत असेल तर तिथे लगेच कळतं.

नवा हेडफोन आल्या आल्या मिक्सला बसू नका. आठवडाभर त्यावर फक्त तुमची तोंडपाठ गाणी ऐका. डीटी ९९० प्रोसारख्या हेडफोनमध्ये वरच्या पट्टीतला आवाज चढा असतो. ते ठाऊक नसेल तर झांजा कापत राहाल आणि मिक्स मंद होईल. आणि कानावरच्या गाद्यांवर लक्ष ठेवा. त्या चेपल्या की बासचा अंदाज बदलतो. माझ्या दोन वर्षांत चेपल्या. नव्या बसवल्या त्या दिवशी जुनी सगळी मिक्स पुन्हा ऐकायला बसलो.