जुना वाडा कायद्याने ‘वारसा’ ठरतो का, हे कसं तपासायचं

वाडा दीडशे वर्षांचा, म्हणजे तो आपोआप सरकारजमा वारसा झाला, असं छातीठोक सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. आणि “आपल्या नावावर आहे ना, मग पाडू नाहीतर ठेवू” म्हणणारा एक चुलतभाऊही असतो. दोघांचंही ऐकू नका. नुसत्या वयाने काहीच ठरत नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात किमान १०० वर्षांची अट आहे खरी, पण ती पहिली पायरी. वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची तर राजपत्रात तशी अधिसूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. तुमच्या वाड्याबद्दल असा कागद कुठेच निघाला नसेल आणि कुठल्या यादीतही त्याचं नाव नसेल, तर तो फक्त जुना आहे.

मिळकत पत्रिका आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे जागेचा अधिकृत मोजणी नकाशा, हाताशी आहे असं धरतो. नसेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालय गाठा.

१. केंद्र आणि राज्य

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची केंद्रीय संरक्षित स्मारकांची यादी पाहा, मग राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची. राज्याचा कायदा वेगळा आहे, १९६० चा. खासगी वाडा या दोन्हींत सहसा नसतो. अर्ध्या तासाचं काम.

२. पालिकेची वारसा यादी

खासगी घरं सापडतात ती इथे. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे आणि तिथे श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशी उतरंड आहे. श्रेणी एकला जवळजवळ हात लावता येत नाही, तीनमध्ये बरीच मोकळीक मिळते. पुण्यात एक, दोन, तीन अशा श्रेण्या आहेत. दोन गोष्टी बघाच. यादीची ताजी प्रत मागा, कारण नावं वाढतात आणि वगळलीही जातात. शिवाय इमारतीचं नाव नसलं तरी अख्खा परिसर यादीत असू शकतो. मुंबईचा फोर्ट हे त्याचं ठळक उदाहरण.

युनेस्कोचा मान, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या बिनसरकारी संस्थेची नोंद, पुण्यात थोर माणसांच्या घरांवर दिसणाऱ्या निळ्या पाट्या, यांतल्या एकानेही वास्तू आपल्या कायद्याखाली संरक्षित होत नाही. पाटी बघून घाबरलेले मालक मी पाहिलेत, आणि पाटी नाही म्हणून निर्धास्त झालेलेही.

३. शेजारच्या स्मारकापासूनचं अंतर

खरी मेख इथे आहे. तुमचं घर कुठल्याही यादीत नसेल, पण शेजारचं स्मारक केंद्र संरक्षित असेल, तर कायदा तुमच्या दारापर्यंत येतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. शनिवारवाड्याभोवतालच्या लोकांना हे आकडे तोंडपाठ आहेत.

आता लोक काय करतात? मोबाइलवर नकाशा उघडतात, स्मारकावरच्या खुणेपासून घरापर्यंत चालत जायचं अंतर बघतात आणि “एकशे तीस मीटर, सुटलो” म्हणून आर्किटेक्टला आगाऊ रक्कम देऊन बसतात. असं करूच नका. मोजायचं ते सरळ रेषेत, सगळ्या दिशांना, आणि मोजायला सुरुवात होते संरक्षित हद्दीच्या रेषेपासून. ना इमारतीच्या भिंतीपासून, ना नकाशावरच्या लाल टिकलीपासून. इमारतीपासून तुमचं घर १३० मीटरवर असेल आणि हद्द तुमच्या बाजूला ४० मीटर पुढे आलेली असेल, तर तुम्ही ९० मीटरवर आहात. नव्या बांधकामाचा विषय तिथेच संपतो.

ती हद्द शोधणं हे चिकट काम आहे आणि मलाही सुरुवातीला त्यानेच छळलं. अनेक स्मारकं १९०४ च्या जुन्या कायद्याखाली संरक्षित झालेली आहेत. त्यांच्या अधिसूचनेत असतो जुना सर्व्हे नंबर, नाहीतर नुसती चतुःसीमा: उत्तरेला रस्ता, पूर्वेला अमक्याचं शेत. ते शेत आज पाच मजली सोसायटी असतं. म्हणून आधी अधिसूचनेची प्रत आणि संरक्षित क्षेत्राचा नकाशा पुरातत्त्वच्या मंडल कार्यालयातून घ्या. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. मग जुना नंबर आजच्या सिटी सर्व्हे नंबराशी जुळवून घ्या. तोंडी “तुमचं नाही हो येत त्यात” हे उत्तर कितीही गोड वाटलं तरी घेऊन घरी येऊ नका, सही-शिक्क्याचं लेखी उत्तर घ्या. प्रतिबंधित क्षेत्रात बेकायदा बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

४. दुरुस्ती की पुनर्बांधणी?

१०० मीटरच्या आत परवानगी मिळते ती दुरुस्ती आणि नूतनीकरणाला. घर १६ जून १९९२ पूर्वीचं असलं पाहिजे, किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेलं. परवानगीही सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करूनच. पाडून त्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुन्हा उभारणं ही कायद्याच्या भाषेत पुनर्बांधणी, आणि दुरुस्तीच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळलेली आहे. “दुरुस्तीच्या परवानगीवर हळूहळू सगळंच नवं करून टाकू” असं सुचवणारा ठेकेदार भेटला तर चहा पाजून त्याला वाटेला लावा. नियंत्रित क्षेत्रात मात्र राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मंजुरीने नवं बांधकाम आणि पुनर्बांधणी दोन्ही शक्य आहेत.

५. खांब विकण्याआधी

वाडा कुठेच अडकला नाही, पाडायचं ठरलं, की कोरीव सागवानी खांब, तुळया आणि दारांसाठी भंगारवाल्यांची रांग लागते. इमारतीपासून सुटी केलेली वस्तू १०० वर्षांहून जुनी असली, तर १९७२ च्या कायद्याखाली ती पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. “परदेशातलं गिऱ्हाईक आहे, दुप्पट देतो” म्हणणाऱ्याला खांबाला हात लावू देऊ नका, आणि देशातच विकणार असाल तरी काढण्याआधी जागेवरच फोटो काढून ठेवा.