तुमचं पॅकेज कोणत्या पायथनवर चालतं, हे पिपला कसं सांगायचं

समजा, लासलगाव बाजार समितीतले कांद्याचे रोजचे भाव वाचून तक्ता काढणारं पॅकेज तुम्ही नाशिकमध्ये लिहिलंय. त्यात एका जागी 'मॅच' ही रचना वापरलीय, जी पायथन ३.१० मध्ये आली. पिंपळगावच्या एखाद्या गाळ्यावर विंडोज ७ चा जुना संगणक असला, तर त्यावर ३.८ च्या पुढचं पायथन चालतच नाही. किमान आवृत्ती लिहिली नसेल, तर पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) तिथे पॅकेज मुकाट्याने बसवेल आणि चालवताक्षणी 'सिंटॅक्स एरर' येईल. चूक कुणाची, हे अडत्याला कसं कळावं?

पॅकेजची माहिती असलेल्या 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' फाइलीच्या 'प्रोजेक्ट' भागात 'रिक्वायर्स-पायथन'ची ओळ घाला आणि तिच्यापुढे ">=३.१०" लिहा (फाइलीत अर्थातच इंग्रजी अक्षरं नि आकडे). पिप ९ पासून ही ओळ पाळली जाते. त्याच भागातल्या 'क्लासिफायर्स'मधल्या (वर्गवारीच्या ओळींतल्या) आवृत्त्या मात्र फक्त माणसांनी वाचायच्या. पिप त्या बघत नाही.

चिन्हांत घोटाळा फार होतो. "==३.१०" म्हणजे फक्त ३.१०.०. "<=३.१२" लिहिलं की ३.१२.१ सुद्धा बाहेर. आणि "<३.१३" अशी वरची मर्यादा तर घालूच नका. ३.१३ वापरणाऱ्याला पिप नकार देऊन थांबत नाही, मागे मागे जात मर्यादा नसलेलं तुमचंच जुनं पॅकेज शोधून बसवतो. म्हणजे ज्याला सांभाळायचं होतं, त्याच्याच पदरी जुने बग.

लिहिलेल्या किमान आवृत्तीवर आणि सर्वांत नव्या आवृत्तीवर चाचण्या चालवा. चाचण्यांची मांडणी यामल फाइलीत करत असाल, तर तिच्यात ३.१० अवतरणात लिहा, नाहीतर तो अपूर्णांक समजून ३.१ होतो. मग व्हील (पॅकेजची बसवायला तयार फाइल) बांधा. ती झिपच असते. उघडून आतल्या 'मेटाडेटा' फाइलीत ओळ उतरली का, ते डोळ्यांनी बघा.

कारण पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतो, त्या संग्रहावर) एकदा चढवलेली फाइल बदलता येत नाही. तुमच्या पॅकेजची १.४ आवृत्ती ही ओळ न घालता गेली असेल, तर नुसती १.५ काढून भागत नाही: ३.८ वाला १.५ वगळून पुन्हा १.४ वरच येतो. १.५ काढा आणि १.४ 'यँक' करा, म्हणजे मागे घेतल्याची खूण तिच्यावर लावा. मग ज्याने नेमकी तीच आवृत्ती "==" लावून मागितली आहे, त्याच्याखेरीज पिप ती कुणाला देत नाही.