उसाच्या कडेला गाडी मुकी होते: दूरनियंत्रणातल्या या चुका टाळा

साताऱ्याजवळचं आमचं अपशिंगे मिलिटरी म्हणजे जवळजवळ घरटी फौजी. फौजेच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन विभागातून निवृत्त झालो तसं इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन दारात येतात. यंदा दूरनियंत्रित टेहळणी गाडी होती. अंगणात झकास पळाली, उसाच्या कडेला २०० मीटरवर मुकी झाली. "काका, बॅटरी गेली!" मीटर लावला, बॅटरी ठणठणीत.

"गाडी दिसतेय, म्हणजे सिग्नल पोचतोय" ही पहिली चूक. रेडिओ लहरींना नजरेच्या रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. २.४ गिगाहर्ट्झ या वारंवारतेवर एक किलोमीटर अंतर असेल, तर मधोमध ही जागा साडेपाच मीटर त्रिज्येची भरते. गाडीचा अँटेना जमिनीपासून हातभर, त्यात पानं ओली. पाणी हा सिग्नल खातं. कंट्रोलरचा अँटेना बांबूला बांधून उंच न्या. त्याचं टोक गाडीवर रोखू नका (बंदूक नव्हे ती), टोकाच्या दिशेलाच सिग्नल सर्वांत कमी जातो.

हे मोठ्यांनाही चुकलं नाही. रशियाची उरान-९ ही दूरनियंत्रित लढाऊ गाडी सीरियात उतरली, तेव्हा वस्तीत ती ३०० ते ५०० मीटरपर्यंतच ऐकत होती. २०१८ मध्ये रशियन तज्ज्ञांनीच सांगितलं, की ताबा १९ वेळा सुटला, त्यात दोनदा दीड तासापर्यंत.

मग संपर्क तुटल्यावर गाडीनं काय करायचं? पोरांनी ते लिहिलंच नव्हतं. शेवटचा हुकूम चालूच राहिला आणि गाडी सरळ पाटात! अर्धा सेकंद हुकूम आला नाही की मोटर बंद व्हायला हवी. गाडी विटांवर ठेवून, चाकं अधांतरी फिरत असताना कंट्रोलर बंद करून बघा. फौजेत मात्र उघड्यावर थांबलेली गाडी आयतं निशाण ठरते, आणि जीपीएसच्या भरवशावर माघारी बोलवावी तर तो सिग्नल इतका क्षीण, की सहज दाबता येतो. तिथं उत्तर मोहिमेगणिक बदलतं.

कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातलाच होता. इराकमध्ये अमेरिकी ड्रोनचं उघडं चित्रण बंडखोर सुमारे २६ डॉलरच्या सॉफ्टवेअरवर बघत होते, हे २००९ मध्ये बाहेर आलं. पण एन्क्रिप्शन केलं, म्हणजे सिग्नल संकेतात गुंडाळला, म्हणून जॅमिंग (मुद्दाम गोंगाट करून सिग्नल दाबणं) टळलं असं नाही. दाराला कुलूप घातल्यानं गोंगाटात हाक ऐकू येत नसते.

"ऊस तुटला की चाचणी घेऊ," पोरं म्हणाली. म्हटलं, उभा आहे तोवरच घ्या.